दसऱ्याआधीची बाटली

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

— आणि पुसून टाकली. इथेनॉलच्या बाटलीतून कापसावर चार थेंब घेतले, झाकणावरून बोळा दोनदा फिरवला. पिवळा झाला. कचऱ्यात टाकायचं धाडस होईना, म्हणून पर्समध्ये कोंबला. चोरासारखा!

आज खंडेनवमी. सकाळी निघताना आईनं, अव्वानं, हळदीची पुडी हातात दिली. म्हणाली, 'तुज्या त्या यंत्राला लाव. तुजं अप्पा दुकानात तराजूला लावायचं.' मी म्हटलं, 'अव्वा, तिथं असलं चालत नाही.' पुडी मात्र घेतली.

आठ वाजता विभागात पोचले. कुणी नव्हतं. फ्लुरोमीटरवरचं, म्हणजे पदार्थाची चमक मोजणाऱ्या यंत्रावरचं, कापड काढलं. नमुना ठेवतो त्या कप्प्याचं झाकण गार होतं. त्यावर अनामिकेनं एक ठिपका लावला. का, ते सांगता येणार नाही. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. नुसती बघत उभी राहिले. बरं वाटलं. तेही खरं.

मग जिन्यात पावलं वाजली.

दोन वर्षांपूर्वी हे यंत्र आलं तेव्हा दारावर सूचना मीच लावली होती — यंत्रांना हळदकुंकू, फुले, अंगारा लावू नये. खाली माझी सही आहे. अजून आहे.

पावलं गुंडूची. तीस वर्षं आमच्याकडे अटेंडंट आहे, येत्या मेमध्ये निवृत्त होईल. 'मॅडम, आज लौकर?'

'हो.'

'आज यंत्रं बंद ठेवायची असत्यात म्हनं. चालू करू न्हवं?'

'कर.'

त्यानं बटण दाबलं. मी हात धुवायला गेले.


७ ऑक्टोबर, मंगळवार

माझी संशोधक विद्यार्थिनी मैथिली ओरडलीच. 'मॅडम, आधी इकडं या!'

आम्ही काकवी जाळून कार्बनचे अतिसूक्ष्म कण करतो. अतिनील उजेडात ते निळे चमकतात. तेवढं जगाला माहीत आहे. मैथिलीनं आज सहज निळा उजेड टाकून बघितलं, तर आलेखावर हिरव्याच्या जागी उभं टोक. पाचशे अठ्ठावीस नॅनोमीटर. आम्ही त्याला पीक म्हणतो. गुंडू म्हणतो टेकाड.

'टेकाड चांगलं हाय की,' तो खांद्यावरून बघत म्हणाला.

साध्या काकवीतून हिरवा प्रकाश! कुठं वाचलेलं नाही. तीन वर्षं मैथिली निळ्याच्या मागे होती.


८ ऑक्टोबर

पुन्हा मोजलं. आहे.


१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी असून मैथिली येते. आतापर्यंत अकरा नमुने. अकराही नमुन्यांत हिरवं आहे. अव्वानं करंज्या दिल्या होत्या. गुंडूनं सहा खाल्ल्या आणि म्हणाला, 'तुमच्या अव्वांना सांगा, साखर कमी हाय.'


१२ नोव्हेंबर, बुधवार

शोधनिबंध पाठवला. राजवर्धन सर — आमचे विभागप्रमुख — दारात येऊन उभे. 'बाराच्या आत पाठवा मॅडम. नंतर राहुकाळ लागतोय.' बोटात पुष्कराज. नावावर पस्तीस निबंध. मी हसले नाही. अकरा पन्नासला बटण दाबलं.

मैथिलीला बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत जागा मिळते आहे. अट एक — निबंध स्वीकारल्याचं पत्र पंधरा जानेवारीपर्यंत. रोज सकाळी मेल उघडून बघते. 'एवढ्यात नाही येत गं,' म्हटलं. म्हणाली, 'माहीत आहे मॅडम. बघितलं की बरं वाटतं.'


१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुण्याहून भैरवी म्हणून मुलगी आली होती. वैज्ञानिकांच्या धर्मश्रद्धा या विषयावर पीएच.डी. करते. चार पानी फॉर्म. समोर बसून भरून घेतला.

पहिला प्रश्न — देव आहे असे मानता का? हो, नाही, सांगता येत नाही. मी 'नाही'वर खूण केली. छत्तीस वर्षांची सवय आहे, हात थांबत नाही. अठराव्या वर्षी गळ्यातलं लिंग काढून अव्वाच्या हातात दिलं. तिनं भांडण केलं नाही. रोज सकाळी आपलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेते, भस्म, पत्री, सगळं करते. मग माझी डबी उघडते आणि माझ्या लिंगाचंही करते. एकदा विचारलं तर म्हणाली, 'तू न्हाईस म्हनून त्येला उपाशी ठिवू व्हय?'

अकरावा प्रश्न — गेल्या वर्षभरात कामाच्या ठिकाणी पूजा किंवा कोणताही विधी केला का?

नाही. खूण केली.

गुंडू चहा घेऊन आला. भैरवीला म्हणाला, 'मला न्हाई विचारायचं काय?'

ती हसली. 'काका, हे फक्त वैज्ञानिकांसाठी आहे.'

'बरं झालं. माझं एका ओळीत झालं असतं.'

ती गेल्यावर मी विचारलं, 'काय लिहिलं असतंस?'

'आमचा आज्जा सत्यशोधकी. त्येचं लगीन भटजीबिगर झालं, बापाचं झालं, माझं झालं, पोरीचं बी झालं. घरात देव्हारा न्हाई. भिंतीवर फुल्यांचा फोटू, झालं.'

'आणि फुटबॉल?'

शिवाजी पेठेतला माणूस. मॅचच्या दिवशी दाढी करत नाही, हे सगळ्या विभागाला ठाऊक आहे.

'ती श्रद्धा न्हाई, मॅडम. ती काळजी.'


१७ डिसेंबर, बुधवार

फ्लुरोमीटरचा दिवा गेला. नवा मागवावा लागेल. तीन आठवडे.


२० डिसेंबर, शनिवार

परीक्षकांची मतं आली. पहिला खूश आहे. दुसऱ्यानं चारच ओळी लिहिल्या आहेत. हे हिरवे शिखर हळदीतल्या कर्क्युमिनशी जवळजवळ तंतोतंत जुळते. नमुन्यांत हळदीचा अंश गेला नसल्याची लेखकांनी खात्री केली आहे काय? उत्तर पाच जानेवारीपर्यंत.

हळद.

वाचलं आणि बसले. अनामिका बघितली. काय दिसणार होतं!

बोळा भिजवला तो बाटलीच्या तोटीला टेकवून. हाताला हळद होती. त्याच बाटलीतलं इथेनॉल आम्ही नमुन्यांत घालतो. हळद इथेनॉलमध्ये झकास विरघळते. शाळेतल्या पोरालाही कळेल.

टोक सात ऑक्टोबरला दिसलं. ठिपका एक ऑक्टोबरचा.


२२ डिसेंबर, सोमवार

मैथिलीला विचारलं, नुसत्या इथेनॉलचं मोजमाप रोज घेत होतीस ना? नाही. सप्टेंबरात एकदा घेतलं होतं, पुढं तेच वजा करत गेली. मीही विचारलं नव्हतं. बाटली तेव्हापासून दहादा भरली असेल, म्हणजे आता तिच्यात बघण्यासारखं काही नाही. आणि यंत्र आंधळं.

राजवर्धन सरांनी बोलावलं. पत्र वाचलं, चष्मा काढला. 'हळद? मग विचारायचं काय त्यात! खंडेनवमीला गुंडू सगळ्यात आधी आलेला होता. ही माणसं कितीही सांगा, ऐकत नाहीत हो.'

गुंडूला बोलावलं. तो दारात उभा.

'हळद लावलीस का यंत्राला?'

'न्हाई.'

'खरं सांग. तुझ्या देवाची शपथ घेऊन सांग.'

'देव न्हाई मला, सर. कुनाची घिऊ?'

सरांना तो उद्धटपणा वाटला. गुंडूनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मला वाटतं, मी बोलेन म्हणून. तो सत्यशोधकी आहे एवढं तरी सांगेन म्हणून.

मी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला.


२३ डिसेंबर

मैथिली म्हणाली, 'मॅडम, दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजातून मोजून आणू या?' मी म्हटलं, 'सुट्ट्या आहेत. आणि कशाला? उघड आहे.'

उघड आहे. हा शब्द मी विद्यार्थ्यांना वापरू देत नाही.


२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी कळंब्याच्या तळ्याला एक फेरी. पाणी स्थिर. घरी आले तर अव्वा माझी डबी उघडून बसली होती. दारातच थांबले. लिंग तळहातावर घेऊन ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती, कन्नडमध्ये, हळू. माझं नाव ऐकू आलं. पुढचं कळलं नाही.


३० डिसेंबर, मंगळवार

गुंडूला मेमो. 'लेखी सूचना असताना धार्मिक विधी करून संशोधनाचे नुकसान केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये.' सर्व्हिस बुकात नोंद होणार. पाच महिने राहिलेत त्याचे.


१ जानेवारी २०२६, गुरुवार

गुंडू उत्तर लिहून घेऊन आला. 'मॅडम, शुद्धलेखन बघा जरा.'

एक पान. मी हळद लावलेली नाही. आमच्या चार पिढ्यांत कुणी लावलेली नाही. लावली असती तर सांगितले असते, कारण लावणे हा गुन्हा नाही, सूचना मोडणे हा आहे. खाली सही. एकही चूक नव्हती.

'बरोबर आहे,' म्हटलं.

'मला मेमोचं काय वाटत न्हाई. पर आमच्या पेठंत कळलं की गुंड्यानं यंत्राची पूजा केली, तर लोक हसतील की ओ. तालमीत पाय ठेवता येनार न्हाई!' तो हसला. मग हसायचा थांबला. 'पोरगीला काय सांगू? तिला शाळंत चिडवायचे, तुमच्यात लगीन भटजीबिगर म्हनून. मीच सांगायचो, मान वर करून ऱ्हा.'

मी कागद परत दिला.


२ जानेवारी, शुक्रवार

अव्वाला सांगितलं. सगळं. ती शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, 'हळद लावलीस ते बरं केलंस. पुसलीस कशाला?'

'अव्वा, त्याच्यानं एका पोरीचं वर्ष वाया गेलं. गुंडूची नोकरी —'

'ते पुसल्यानं झालं. लावल्यानं न्हाई.'

रागच आला. मग वाटलं, हिचं तरी सरळ आहे.


३ जानेवारी, शनिवार

सरांच्या केबिनमध्ये गुंडूला आणि मैथिलीलाही बोलावून घेतलं. उभ्यानं सांगितलं. 'एक ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता मी कप्प्याच्या झाकणावर हळद लावली. मग पुसली. गुंडूचा संबंध नाही. हे मी लिहून आणलं आहे.'

कागद टेबलावर ठेवला.

सर म्हणाले, 'तुम्ही?' पुन्हा म्हणाले, 'पण सूचना तर तुमचीच —' आणि पुष्कराज फिरवत राहिले. जरा वेळानं, आवाज उतरवून, 'अहो, मग मला सांगायचं. मी कशाला मेमो काढला असता?' म्हणजे मी लावली तर चालतं! मी म्हटलं, 'मेमो आत्ता रद्द करा. माझ्यासमोर.' केला.

मैथिली रडली नाही. रडली असती तर बरं. म्हणाली, 'मॅडम, तुम्ही वीस तारखेलाच सांगायला हवं होतं.'

'हो.'

'चौदा दिवस हळद कुठून आली म्हणून मी वेड्यासारखी बेसिनं घासत होते.'

'हो.'

गुंडू बाहेर गेला. मागोमाग गेले. तो व्हरांड्यात बाटल्या उन्हात मांडत होता. म्हटलं, 'गुंडू, चुकलं माझं.' तो म्हणाला, 'व्हय.' एवढंच. बाटल्या मांडत राहिला. मीही चार मांडल्या. त्यानं त्या पुन्हा सरळ केल्या.


५ जानेवारी, सोमवार

उत्तराचा शेवटचा दिवस. निबंध मागे घेतला.

मैथिली म्हणत होती, मुदत मागू या. दिवा चार दिवसांत येतोय. मागितली असती तर मिळालीही असती. मी म्हटलं, 'खोटं मोठं करायचं नाही. मला खात्री आहे.'

गुंडू दिव्याची जागा पुसत होता. मान वर न करता म्हणाला, 'कशावरनं?'

'काय कशावरनं?'

'खात्री.'

'मी स्वतः लावली ना रे!'

'लावली ते खरं. तुमी सांगताय, मी मानतो. पर टेकाड हळदीनंच आलं, हे कुनी बघितलं?'

'जुळतंय सगळं. तारखा जुळतात, रंग जुळतो.'

'मी दाढी न्हाई केली त्या दिवशी आमची टीम तीनदा जिकली. तारखा जुळत्यात.' फडकं झटकलं. 'तरी मी म्हनत न्हाई की माझ्या दाढीनं गोल झाला.'

मैथिली हसली, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मला हसू आलं नाही. आता शब्दांचे खेळ नकोत असं वाटलं. केलेल्याचं भोगायला हवं, लवकर आणि पूर्ण. पावणेपाचला मेल पाठवला. हलकं वाटलं. किती हलकं! रात्री गाढ झोपेन.

मैथिली बॅग भरून सांगलीला घरी गेली. बंगळूरला काय कळवणार ते विचारायचं धाडस झालं नाही.


७ जानेवारी, बुधवार

भैरवीला फोन केला. 'अकराव्या प्रश्नाचं उत्तर बदलायचं आहे. हो.'

'कुठला विधी केलात, मॅडम?'

'हळदीचा एक ठिपका.'

ती लिहून घेत होती. 'आणि पहिला प्रश्न? तोही बदलायचा?'

म्हटलं, 'तो असू दे. विचार करते.' मग म्हटलं, 'तुम्ही आमच्या गुंडूला विचारायला हवं होतं.' ती म्हणाली, 'त्यांचा नमुना नाही बसत ना त्यात.'


९ जानेवारी, शुक्रवार

दुपारी दिवा आला. गुंडूनं आणि मी बसवला. हातमोजे घालून. काचेला बोट लागता कामा नये, लागलं तर तापल्यावर तडकते. त्यानं माझ्या हातांकडं दोनदा बघितलं. बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

मग तो फ्रीजकडं गेला. सगळ्यांत खालच्या कप्प्यातून, मागून, एक छोटी बाटली काढली. तोंडाला मेणपट्टी घट्ट. लेबल मैथिलीच्या अक्षरात — पहिला घाणा, २४ सप्टेंबर.

'ही कधी उघडलीच न्हाई,' तो म्हणाला. 'मैथिलीताईंनी टाकून द्या म्हटलं हुतं. मी ठिवली. दसऱ्याआधीची हाय.'

'टेकाड नसणार त्यात,' मी म्हटलं.

'मग नसंल. बघून मग म्हनू.'

दिवा रात्रभर स्थिर व्हायला ठेवला. बटण बंद करू नका अशी चिठ्ठी त्यानंच लावली.

घरी येताना लक्षात आलं, अप्पांच्या दुकानात हळद तराजूला लावायची ती माप तपासून झाल्यावर. आधी वजनं जुळवायची, पासंग बघायचा. मग हळद. हा क्रम मी विसरले होते.


१० जानेवारी, शनिवार

सकाळी साडेनऊ. नमुन्याची नवी काचकुपी, इथेनॉलची नवी सीलबंद बाटली. आधी नुसतं इथेनॉल मोजलं — सपाट रेघ. मग सप्टेंबरची बाटली उघडली. पाचशे अठ्ठावीसवर टेकाड. उंची तेवढीच. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. आहे. गुंडूनं वहीत तारीख आणि वेळ लिहिली, खाली आपली सही केली, पेन माझ्यापुढं ठेवलं, आणि सांगलीला फोन लावला.